कमळीचं पानी

वसई
७ जुलै २०२४

चि. ज्ञानदा,
तुला आणि खुशीला आशीर्वाद.

तुझी अट पाळतोय, फोन केलेला नाही. रिक्षात बसल्यावर तू म्हणालीस, "बाबा, फोन वाजला की खुशी खाटेखाली जाते. तुम्ही कामावरून फोन करून 'आजा म्हण, आजा म्हण' करता ना, म्हणून. काही महिने पत्रच लिहा." लागलं मला. पण तू सुनेसारखं नाही, लेकीसारखं सरळ बोललीस, म्हणून चाललं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला गेलो तर माझा अंगठा एका दमात तीन अक्षरं दाबतो. तेव्हा हे पत्र.

गावात लोक विचारतात, मुलगा हरेश इथे आणि सून नातीला घेऊन पुण्याला भावाकडे कशाला गेली? घरात काही झालं का? मी सांगतो, पोरीला बोलायला शिकवायला. साडेपाच वर्षांची झाली, सगळं समजतं, पण शब्द जिभेवर येत नाही. मग म्हणतात, येईल हो, आमच्या भाच्याचंही तसंच होतं. ह्या भाच्याला मी एकदा भेटणार आहे. प्रत्येकाकडे आहे तो.

घरात आपला नियम चालू आहे. पोरीच्या कानावर शुद्धच पडलं पाहिजे, असं बोळिंजच्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडून आल्यावर आपण ठरवलं, ते मी मोडू दिलेलं नाही. खुशी इथे नसली तरी सवय राहिली पाहिजे. माईकवर बोलतो तसाच मी घरात बोलतो. कमळीला, खुशीच्या आजीला, तेवढं जमत नाही. "पाणी म्हण" म्हटलं की "पानी" येतं. आधी भांडायची, "मना नाय बोलाचा तुमचा पानी." आता भांडणही बंद. बोलतच नाही. तुम्ही गेल्यापासून फ्रिज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, ते मला ओट्यावर बसून ऐकू येतं.

मुंडप-साऊंडचा धंदा पावसाळ्यात मंदच. काल पापडीला एका बाप्तिस्म्याच्या जेवणाला साऊंड लावला. गेटवर उभ्या उभ्या पोरांना सांगितलं, डावीकडच्या खालच्या स्पीकरची कॉईल गेलीय. उघडून बघितलं, गेलेली. आमचा आग्नेल बँडवाला म्हणतो, "बळ्या, देवानं तुला कान दिले तेवढं ठीक होतं. वर तोंड द्यायला नको होतं."

कमळीनं सुकेळी पाठवली आहेत. केळी तिनं स्वतः सोलून वाळवली, पण एक तोंडात घातलं नाही. चिकटतात म्हणते.

तुझा,
बाबा


पुणे
२४ जुलै २०२४

ती. बाबांना नमस्कार.

पत्र वाचताना तुमचाच आवाज ऐकू आला, फक्त स्पीकरशिवाय. सुकेळी खुशीनं डब्यासकट ताब्यात घेतली आहेत.

इथल्या मॅडमनी आजाराला नाव दिलं, अप्रॅक्सिया. डोक्यात शब्द तयार असतो. ओठ, जीभ सगळं धड असतं. पण डोक्याचा निरोप जिभेपर्यंत नीट पोचत नाही. आज "मामा" म्हणाली तर उद्या तोच शब्द तिला सापडत नाही, आणि तो सापडत नाही हे तिला कळतं. म्हणून ती गप्प राहते. हट्टी नाही ती, बाबा. आपण तिला हट्टी म्हणत होतो.

बोलणं येईपर्यंत तिला चित्रांची कार्डं दिली आहेत. भूक, झोप, हवं, नको, दुखतं. पाहिजे ते उचलून दाखवायचं. संध्याकाळी मी तिला आरशासमोर घेऊन बसते आणि "पाणी" शिकवते. 'ण'ला जीभ कशी वळवायची ते दाखवते. ती तोंडात बोट घालून तो 'ण' कुठे आहे ते शोधते. अजून सापडलेला नाही.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत म्हणू की काय कळत नाही. तिनं "दुखतं" हे कार्ड उचललं आणि कपाटावर आजींचा फोटो आहे त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. मी काढून घेतलं. तिनं पुन्हा ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "आठवण येते" असं तिच्याकडे कार्ड नाही, म्हणून जवळचं वापरत असेल. मला तर भरूनच आलं. आजींना हे नक्की सांगा.

तुमची,
ज्ञानदा


वसई
११ ऑगस्ट २०२४

चि. ज्ञानदा,
आशीर्वाद.

त्या आजाराचं नाव कागदावर लिहून चार वेळा म्हणून बघितलं. मलाच जमेना. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या आजाराला असलं नाव ठेवणारा माणूस कोण असेल, त्याला एकदा आमच्या आग्नेलपुढे बसवला पाहिजे.

तुझं पत्र मी कमळीला मोठ्यानं वाचून दाखवलं. फोटोपुढे कार्ड ठेवलं तिथे आलो, तर तिनं पदर तोंडाला लावला आणि मोरीत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. माया असते बघ. नात तिकडे, जीव इकडे. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, "अगं, आठवण काढते तुझी." नुसती मान हलवली.

तिचं जेवण मात्र अर्ध्यावर आलंय. पेज पिते, तीही गार करून. परवा बोंबलाचं कालवण केलं, मला वाढलं आणि स्वतः ताकभात घेतला. गालाला फडकं बांधून बसते. दाढ म्हणते. लवंग आणून दिली. दाताच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर हात जोडले. एक चांगली गोष्ट झाली, मशेरी सोडली. जन्मभर सांगून मी थकलो, आग्नेलच्या रोझलिननं सांगितलं, कोणाचं ऐकलं नाही. आता नातीच्या नावानं सोडली असणार.

खुशीला सांग, 'ण' आजालाही उशिरा आला. लग्नाचे मुंडप घालायला पोरगा म्हणून लागलो तेव्हा मालक मला माईक हातात घेऊ द्यायचा नाही. "आगऱ्याचं बोलणं लग्नात नको" म्हणायचा. मी खाडीच्या बांधावर जाऊन "गणपती, पाणी, कारण, अंगण" ओरडायचो. बगळे उडून जायचे. दोन हंगाम लागले, पण आला. आज सगळ्या तालुक्याला सूचना देतो. ती तर केवढीशी आहे, तिला सहज येईल.

तुझा,
बाबा


पुणे
१५ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना नमस्कार.

आज जे लिहिते आहे ते जरा शांतपणे वाचा.

मॅडमनी मला आरशासमोर "पाणी" घेताना पाहिलं आणि थांबवलं. म्हणाल्या, 'ण' कुठल्याही मुलाला सगळ्यात शेवटी येतो. ज्या मुलीला सोपे शब्द जुळवता येत नाहीत, तिला तुम्ही घाटच चढायला लावताय. मी म्हटलं, घरात 'न' ऐकून बिघडू नये म्हणून. त्यांनी विचारलं, बिघडू नये म्हणजे? घरचं बोलणं ऐकून हा आजार होत नाही, वाढतही नाही. असं कोणी सांगितलं?

मी बोळिंजच्या मॅडमना फोन केला. त्यांना आपण आठवत होतो. त्या म्हणाल्या, "मी शुद्ध बोला असं कशाला सांगेन? मी म्हटलं होतं, तिच्याशी सगळ्यांनी स्पष्ट बोला. सावकाश, तोंड दिसेल असं."

स्पष्ट. बाबा, तुम्ही, मी, हरेश, तिघेही समोर बसलो होतो. तिघांनीही शुद्ध ऐकलं. तुमचं तुम्ही बघा, माझं मला कळलं. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरी एका 'ण'साठी पट्टी बसायची.

आता मॅडमचं म्हणणं असं, की खुशी लहानपणापासून सर्वात जास्त कोणाजवळ राहिली, त्यांचा आवाज तिला हवा. म्हणजे आजींचा. मी नोकरीवर आणि ती दिवसभर त्यांच्या कडेवर. त्यांनी नेहमी बोलायचं तसंच बोलायचं. कोंबड्यांना बोलावतात ते, भात निवडताना गुणगुणतात ते, आणि पानी. हो, पानीच. तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, आजींचा आवाज नीट भरून पाठवा. त्यांना म्हणावं, नियम मोडला. माझ्यातर्फे माफीही मागा.

तुमची,
ज्ञानदा


वसई
२० ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानदा,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गणपती, मग नवरात्र, मग हे ते. आवाज भरायचं यंत्र जरा बिघडलंय. कमळीचा घसाही बसलाय, हवा बदलली ना. बरी झाली की पाठवतो. घाई करू नकोस, शिकवणं अर्धवट सोडून तर अजिबात येऊ नकोस. पोरीचं वर्ष महत्त्वाचं.

हरेश ठीक आहे. आग्नेल विचारत होता तुम्हाला.

बाबा


पुणे
२८ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा,

आठ ओळींचं पत्र आणि त्यात एकही विनोद नाही. लग्न चालू असताना सोल्डरिंग करून माईक चालू करणारा माणूस तुम्ही, तुमचं यंत्र महिनाभर बिघडलेलं राहील हे मी कसं मानू? हरेशला विचारलं, दिवाळीला येऊ का, तर म्हणतो घराला रंग काढलाय. मागच्याच वर्षी रंग झाला.

आधी चांगली बातमी देते. खुशी बोलली. दुपारी जेवताना ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, "पानी." अख्खा शब्द, मधे न तुटता. आणि तो तिचा नव्हताच. तो 'नी' आजी कशा वर उचलून लांबवतात, ओटीवरून आत हाक मारल्यासारखा, अगदी तसा. मी दुरुस्त केला नाही. पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आता दुसरं. तिनं परत ते "दुखतं" कार्ड फोटोपुढे ठेवलं. मी म्हटलं, हो, आजीची आठवण येते. तिनं जोरात मान हलवली, नाही. माझं बोट धरून स्वतःच्या गालात घातलं, आतून, डाव्या बाजूला. मी बॅटरी घेऊन तिचं तोंड बघितलं. काहीही नाही. मग तिनं पुन्हा फोटोकडे बोट केलं.

बाबा, आजींना काय झालंय?

ज्ञानदा


वसई
३ नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानदा,

हरेशला मीच गप्प बसवला होता, त्याच्यावर रागावू नकोस.

नियम मोडल्याचं तुझं पत्र आलं, त्या दिवशी मी चांगला माईक काढला, पुसला, कमळीसमोर पाटावर ठेवला. म्हटलं, "सुनेनं माफी मागितलीय. बोल आता तुझं काय ते, हवं तेवढं." तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. बोलायला नाही. दाखवायला.

जिभेच्या डाव्या अंगाला होतं. ते दाढेचं नव्हतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली. डॉक्टर म्हणाले, हे होळीच्या आसपासचं असणार. इतके महिने ही बाई बोलत कशी होती? मी काय सांगणार, की बोलत नव्हती, आणि आम्हाला वाटलं नियम पाळते. पेज गार करून पीत होती. मशेरी सोडली ती झोंबायची म्हणून. मी पोरांना गेटवरून कॉईल सांगतो.

मी विचारलं, "कोणालाच कशी बोलली नाहीस?" तेव्हा तिला थोडं बोलता येत होतं. म्हणाली, "पोरीला दावलेला. ती कोनाला सांगाची नाय, म्हनून."

आणि पोरीनं सांगितलं, ज्ञानदा. तिनं तुला सांगितलं, तू मला लिहिलंस, मी ते कमळीला वाचून दाखवलं. निरोप कुठून कुठे फिरला आणि जिच्याबद्दल होता तिच्यापाशीच येऊन थांबला. ती मोरीत जाऊन रडली ती आठवणीनं नाही. पोरीनं आपलं गुपित फोडलं, आणि फोडूनही कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून.

ऑपरेशन झालंय. जीभ बरीचशी काढली. नाकातून नळी आहे. आवाज येतो, शब्द येत नाही. ऑपरेशनच्या आधी आवाज भरून ठेवायला हवा होता, पण एकेका शब्दाला लाळ गळत होती, तिच्यापुढे माईक धरणं माझ्याच्यानं झालं नाही. जुन्या कॅसेटी ऐकून काढल्या. सगळ्या गावाची लग्नं आहेत माझ्याकडे. नवऱ्यामुलाच्या मावशीचा खोकलासुद्धा आहे. कमळी नाही. ती नेहमी मुंडपाच्या मागे, जेवणाच्या बाजूला.

तेव्हा तू मागितलंस ते मला पाठवता येत नाही. तू पोरीला घेऊन ये.

बाबा


वसई
२ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानदा,
तुला आणि खुशीला आशीर्वाद.

तुम्ही पुण्याला पोचल्याचं हरेशनं सांगितलं. कमळीचं तेरावं होईपर्यंत तू जे केलंस ते मी लिहिणार नाही, लिहिलं तर तू पुढचं पत्र उघडणार नाहीस.

पाचूबंदरहून होडी केली होती अस्थींसाठी. बायका नव्हत्या, म्हणून तुला सांगायचं राहिलं. धक्क्यावर मासळीचा लिलाव जोरात चालला होता. आग्नेल म्हणाला, थांबवू का जरा? मी म्हटलं, नको, बोली अर्धी झालीय, म्हातारीला ते आवडणार नाही. तो त्याचा कर्णा घेऊन आला होता. वाजवला नाही. मांडीवर ठेवून बसला. होडीवाल्यानं विचारलं, कोण होती? आग्नेलनं सांगितलं, "माझ्या घरी वर्षानुवर्षं हिच्या हातचं लोणचं आहे." मला ते बरं वाटलं.

दुसरी एक गोष्ट राहिली आहे. ती तोंडानं सांगता आली नाही.

नाताळच्या आदल्या आठवड्यातली दुपार. तू नळीतून द्यायची पावडर आणायला मेडिकलमध्ये गेली होतीस. मी ओट्यावर वायरी गुंडाळत होतो. आतून हाक आली, "पानी." तो 'नी' वर उचललेला, शेवटी लांबवलेला. ती ओटीवरून आत द्यायची तशी, फक्त आता आतून ओटीवर. माझ्या हातातली वायर पडली. एवढंच मनात आलं, कमळी बोलली. डॉक्टर चुकले, आपण सगळे चुकलो, ही बोलतेय. आयुष्यभर मला आवाज कुठून येतो ते सांगता आलं, तेव्हा आलं नाही.

आत गेलो. कमळी खाटेवर पडलेली, ओठ हलवत होती, कोरडे पडले होते. खुशी उशाशी उभी राहून तिच्या ओठांकडे बघत होती. कार्डं खाली जमिनीवर पडलेली. तिनं माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं, "पानी." स्वतःसाठी नाही. मी कापूस भिजवून आणला, कमळीच्या ओठांना लावला. कमळीनं हात वर केला आणि पोरीच्या गळ्यावर ठेवला. इथे, जिथे आवाज थरथरतो तिथे. तसाच ठेवला. तू येईपर्यंत त्या दोघी तशाच होत्या. तुला वाटलं, खेळतायत.

त्यानंतर कमळीला काही हवं असलं की ती माझ्याकडे बघायची नाही, खुशीकडे बघायची. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण चाललं.

आता घरात फ्रिज वाजतो. नियम कधीच मोडलाय. मी एकटाच बसून "पानी, पानी" म्हणून बघतो. माझ्या तोंडून 'ण'च येतो. बांधावर ओरडून ओरडून तो असा बसवलाय की आता निघत नाही.

म्हणून विचारायचं होतं. मला आता फोन करू देशील का? मी "आजा म्हण" म्हणणार नाही. काहीच म्हणणार नाही. तू फोन नुसता तिच्याजवळ ठेव. ती कधी मागेल तेव्हा मागेल.

तुझा,
बाबा


पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना नमस्कार.

खुशीला आता बरेच शब्द येतात. 'ण' येत नाही, मी घेतही नाही.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो की फोन करा. मी तो वाजू न देता उचलीन आणि तिच्या ताटाशेजारी ठेवीन. तुम्ही ऐकत राहा.

त्या दिवशी भाजी जरा तिखट करते.

तुमची,
ज्ञानदा